मुलाखतीला एक लिटर पाणी

"आई, उद्या मुलाखतीला नाल्याचं पाणी कशाला न्यायचं?" मुलीनं विचारलं.

आई चहा गाळत होती. स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकी विभागाच्या ऑफिसात ती अठरा वर्षं होती आणि दर सोमवारी 'या आठवड्यातले कार्यक्रम आणि संधी' हे पत्रक काढायचं काम तिच्याकडे होतं. सहली, व्याख्यानं, कार्यशाळा, नोकऱ्या, सगळं एका तक्त्यात. ते पत्रक कोणी म्हणजे कोणी वाचत नाही, हे तिचं जुनं दुखणं. पोटची मुलगी त्याच विभागात शेवटच्या वर्षाला, तीही वाचत नसे. "तूच सांग ना काय आहे ते," म्हणायची. त्यामुळे मुलगी आज पत्रक उघडून बसलीय हे बघून आईला आधी बरंच वाटलं. प्रश्न डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

"काय न्यायचं?"

"हे बघ. गुरुवार, सकाळी दहा, मुलाखती. सोबत काय आणावे: स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी, घराजवळच्या वा कामाच्या ठिकाणच्या कोणत्याही नळाचे, विहिरीचे वा नाल्याचे."

आईनं गाळणी तशीच कपावर ठेवली आणि मुलीच्या हातातून फोन ओढला. तक्त्याचा शेवटचा रकाना सबंधच्या सबंध एक घर खाली आला होता. पाणी तपासण्याच्या कार्यशाळेला गमबूट आणायचे होते, मुलाखतीला पाणी, आणि शुक्रवारी जुन्या धरण अभियंत्यांचं व्याख्यान ऐकायला येणाऱ्यांनी इस्त्रीचे कपडे घालून, बायोडेटाच्या तीन प्रती घेऊन यायचं होतं.

हे कसं झालं ते तिला लगेच कळलं. पत्रक तयार झाल्यावर विभागप्रमुख दारातून डोकावून म्हणाले होते, "बाई, माझं सोमवारचं चर्चासत्र काढून टाका, मला बाहेर जायचंय." तिनं चर्चासत्र काढलं. चर्चासत्राला आणायचं वही-पेन मात्र त्याच्या जागी तसंच राहिलं, आणि बाकीचे कार्यक्रम एकेक घर वर सरकले. करणार विभागप्रमुख, निस्तरणार बाई, हे विभागात नवीन नव्हतं. पण तक्ता पुन्हा एकदा बघायला हवा होता हेही खरं, आणि तेच तिला जास्त लागलं.

उद्याची मुलाखत साधी नव्हती. पर्यावरण शाखेची मुलं घ्यायला या वर्षी आलेली ही एकच कंपनी. जलवाहिन्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या टाकायचं तिचं काम. उमेदवार अकरा, जागा एक, आणि त्या अकरांत ही मुलगी. आधीच्या दोन मुलाखतींत ती शेवटच्या फेरीत गळाली होती. हीही हुकली तर मग घरी बसून अर्ज करत राहायचं.

"तू बाटली नेऊ नकोस," आई म्हणाली. "बाकीच्यांचं मी बघते."

विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं, हात मारला, तोही स्वतःच्या कपाळावर नव्हे, टेबलाच्या कडेवर, आणि म्हणाले, "शुद्धिपत्रक काढा, बाई. आणि यापुढे नीट बघत जा."

"बघते, सर," बाई म्हणाल्या. ऑफिसात त्या आई नसत, बाई असत. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

शुद्धिपत्रक निघालं. विषय ठळक अक्षरांत लिहिला: 'मुलाखतीसाठी पाण्याचा नमुना, महत्त्वाचे'. खाली चार ओळींत सविस्तर खुलासा, की असा नमुना आणायचा नाही, तो बुधवारच्या कार्यशाळेसाठी आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. सगळ्या विद्यार्थ्यांना गेलं. सूचना फलकावर लागलं. बाई चार वर्गांत स्वतः जाऊन सांगून आल्या. दोन वर्ग रिकामे होते आणि उरलेल्या दोनांत पहिल्या वर्षाची मुलं होती, त्यांनी तत्परतेनं लिहून घेतलं.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला कंपनीचे साहेब आले. साठीचे, शांत, हातात जड बॅग. मीटिंग रूममध्ये बसले, चहा नको म्हणाले, सकाळपासून तीन झालेत. पहिला नंबर लंबूचा. उंचीमुळे सगळा विभाग त्याला त्याच नावानं ओळखायचा. चार मिनिटांत तो बाहेर आला.

"काय विचारलं?" बाहेरच्या बाकावरच्या दहा जणांनी त्याला घेरलं.

"बायोडेटा बघितला, आणि म्हणाले, पाण्याची बाटली कुठाय. म्हटलं, विसरलो. म्हणाले, ठीक आहे, या."

"कसली बाटली?"

एकानं फोन काढला. बाईंचं शुद्धिपत्रक सगळ्यांकडे होतं, उघडलेलं कोणाचंच नव्हतं. वरचा विषय मात्र न उघडताही दिसत होता. "बघ ना. मुलाखतीसाठी पाण्याचा नमुना, महत्त्वाचे. असं ठळक लिहिलंय."

"अरे, ते आणू नका म्हणून आहे," मुलगी कळवळून म्हणाली. "शुद्धिपत्रक आहे ते. उघडा तरी."

"मग ते आत मागतायत कशाला?" लंबूनं विचारलं. तेवढ्यात तिचंच नाव पुकारलं गेलं.

साहेबांनी बायोडेटा चाळला, दोन प्रश्न विचारले, तिनं नीट उत्तरं दिली. मग ते म्हणाले, "आणि पाण्याचा नमुना?"

"तो आणायचा नव्हता, सर. पत्रकातला रकाना चुकून खाली सरकलाय."

"असं कोण म्हणतं?"

आई म्हणते, असं सांगायचं तिच्या जिवावर आलं. वशिल्याचा वास आला असता. "मला माहितीय, सर," ती म्हणाली.

"म्हणजे विभागाचं पत्रक चुकीचं आणि तुम्ही बरोबर," साहेब सौम्यपणे म्हणाले. "आणलं नाही तर नाही म्हणावं. तुमच्या आधीच्या मुलानं सरळ कबूल केलं."

तिच्यामागून आत गेलेल्या मुलाच्या हातात गढूळ पाण्यानं भरलेली बाटली होती.

मुलगी तरातरा ऑफिसात आली. बाई शुक्रवारच्या व्याख्यानाच्या खुर्च्या मोजत बसल्या होत्या.

"झालं तुमच्या मनासारखं, मॅडम," मुलगी म्हणाली. कॉलेजात मॅडम म्हणायचं असं दोघींचं ठरलेलं होतं. मग तिला ते सोसेना. "आई, ते बाटली मागतायत. मी खरं सांगितलं तर म्हणाले, सबबी सांगू नका."

"त्यांना काय माहीत बाटलीचं?" असं म्हणता म्हणता बाईंना आठवलं. पाहुण्यांची यादी वेगळी. पत्रक पाहुण्यांनाही जातं, अठरा वर्षं जातंय, शिरस्ता म्हणून. शुद्धिपत्रक फक्त विद्यार्थ्यांना गेलं होतं. पाहुणे ते उघडत असतील हे बाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बाहेर गलका झाला म्हणून त्यांनी खिडकीतून पाहिलं. टाय लावलेले तीन उमेदवार बागेतल्या तळ्याच्या काठावर उकिडवे बसले होते. चौथा पालथा झोपून गटाराच्या जाळीतून दोरीला बांधलेली बाटली सोडत होता आणि लंबू त्याचे पाय धरून होता. एकजण शांतपणे बाथरूमकडून येत होता, बाटली भरलेली.

"बाई," विभागप्रमुख दारात उभे होते, "आपली मुलं गटारात काय करतायत?"

"पत्रक वाचतायत, सर," बाई म्हणाल्या, आणि त्यांना बाजूला सारून सरळ मीटिंग रूमकडे गेल्या. डोकं फिरलं होतं, आणि राग नेमका कोणावर काढायचा हे ठरत नव्हतं.

साहेबांपुढे टेबलावर चार बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. एकीत शेवाळ तरंगत होतं.

"साहेब, चूक माझी आहे," बाईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "रकाना सरकला. पाणी कालच्या कार्यशाळेसाठी होतं, मुलाखतीसाठी नव्हतं. दुसऱ्या नंबरला जी मुलगी आली तिनं खरं सांगितलं होतं. ती माझी मुलगी आहे. मुलगी नसती तरी मी हेच सांगायला आले असते. तिला घेऊ नका हवं तर, पण खोटी ठरवू नका."

साहेबांनी वाकून बॅग उघडली आणि तिच्यातून एक लिटरची भरलेली बाटली काढून पाचवी म्हणून रांगेत ठेवली.

"मलाही वाटलं, सगळ्यांनीच आणायचंय," ते ओशाळून म्हणाले. "सकाळी आमच्या ऑफिसातून भरून घेतली. पत्रकात लिहिलं होतं ना."

"तुम्ही पत्रक वाचलंत?" बाईंनी विचारलं.

"दोनदा. शुक्रवारच्या व्याख्यानाला बायोडेटा कशाला, तेवढं कळलं नाही."

अठरा वर्षांत पहिला वाचक भेटला, तोही असा. हसावं की रडावं हे बाईंना कळेना. डोळे मात्र भरून आले, आणि त्याचा त्यांना रागही आला.

साहेबांनी मुलीला परत बोलावून घेतलं. ती आली ती ओठ घट्ट मिटून. आता नोकरी जायचीच आहे, तर निदान लाचारी करायची नाही, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"मी तुमचं ऐकायला हवं होतं," साहेब म्हणाले. "चुकलो. आता मला सांगा, एवढं पाणी जमलंय, त्याचं काय करायचं?"

"चार बाटल्या ओतून द्यायच्या, सर. त्यांत काय आहे ते दिसतंच आहे. ही पाचवी स्वच्छ दिसतेय, ही तपासायला हवी."

प्रयोगशाळा शेजारीच होती. मुलगी बाटली घेऊन गेली. बाई दाराशी उभ्याच राहिल्या. पंधरा मिनिटांनी मुलगी कागदावर दोन आकडे लिहून परत आली. चेहऱ्यावरचा राग कुठेतरी गेला होता, त्या जागी काळजी होती.

"सर, हे पाणी कुठलं?"

"आमच्या ऑफिसातलं. पिण्याच्या नळाचं."

"यात क्लोरीन अजिबात नाही. तपासायच्या औषधाचा थेंब टाकल्यावर रंग बदलायला हवा होता, नाही बदलला. आणि अमोनिया आहे. तो सांडपाण्यात असतो, चांगल्या नळाच्या पाण्यात एवढा नसतो. पक्की तपासणी करावी लागेल, पण तोवर कोणाला पिऊ देऊ नका. तुमच्या ऑफिसजवळून सांडपाण्याची वाहिनी जाते का?"

साहेबांनी रुमाल काढून ओठ पुसले. "जाते."

"मग ती कुठेतरी गळतेय. कोणी टाकलीय ते बघा आणि त्यांना आधी बोलवा."

"मागच्या महिन्यात," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "आम्हीच टाकलीय."

साहेबांनी ऑफिसला फोन लावून नळ बंद करायला सांगितला, मग लंबूपासून सगळ्यांना पुन्हा आत बोलावून रीतसर मुलाखती घेतल्या. दुपारी दोन वाजता ते मुलीपाशी आले.

"सोमवारपासून येऊ शकाल?"

"येईन, सर," मुलगी म्हणाली. "पाणी मी घरून आणीन."