बिसेन मास्तरांचं फाटक

आमच्या फुलचूरच्या बिसेन मास्तरांनी एकदा मला त्यांच्या दारात पेजेचा डबा घेऊन उभं ठेवलं. आत या म्हणेनात, परत जा म्हणेनात. हातात लाल झेंडी. मी म्हटलं, "काऊन जी मास्तर, घरात सुतक-बितक आहे का?"

"फाटक बंद आहे, डोमाभाऊ. लाइन क्लिअर नाही."

फाटक म्हणजे काय, तर माझ्या करंगळीएवढी काडी! मास्तर जन्मभर स्टेशन मास्तर होते. रिटायर झाल्यावर माणूस देवाधर्माला लागते, यांनी समोरच्या खोलीत टेबल ठोकून खेळण्यातली आगगाडी मांडली. खोली पुरली नाही म्हणून दारात आडवी फळी टाकून तिच्यावरूनही रूळ नेला. आत जायचं तर फळी उचलावी लागते, आणि फाटक पडलेलं असलं तर फळी उचलायची नाही. पेज वहिनीबाईंसाठी होती. मास्तरांच्या बायकोचं अर्धं अंग लकव्यानं गेलं आहे, आमच्या घरून कधीमधी काही जाते. त्या दिवशी पेजेचा पार गोळा झाला, फाटक काही उघडलं नाही.

टेबलावर एक स्टेशन आहे, दरेकसा नावाचं. तरुणपणी मास्तर तिथं होते. स्टेशनाअलीकडे रुळाखाली उडदाच्या दाण्याएवढा सेन्सर बसवला आहे. वरून गाडी आली की त्याला कळते, तो फाटक पाडतो, गाडीमागचा सिग्नल लाल करतो. गाडी गेली की सगळं उघडते. हे झालं मास्तरांचं सांगणं. मी पाहिलं ते असं की गाडी अजून खोलीच्या त्या कोपऱ्यात, अन् इकडे फाटक धाडकन खाली. सिग्नल लाल. गाडी बिचारी सिग्नलपाशी येऊन उभी राहते, जशी सरकारी दवाखान्यात म्हातारी.

दुसऱ्या कोणी पेचकस काढला असता. मास्तरांनी चौकशी बसवली. रेल्वेची सवय! गाडी अडली की आधी माणूस धरायचा, खराबी मागून पाहायची.

पहिली आरोपी भिंतीवरची पाल. ती हजर झाली नाही. मग झाडूवाली शांताबाई. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी झाडू मारतो मास्तर, तुमची रेल्वे नाही चालवत." मग माझा नंबर.

"घटनेच्या वेळी तुम्ही कुठं होता?"

"तुमच्या फाटकात! तुम्हीच तर उभं ठेवलं!"

"तुमचं धोतर पांढरं आहे. सेन्सरला पांढरं लवकर दिसते."

"मग काय काळं नेसून येऊ? चौथी पास माणूस आहो, पण सर्कशीतला नाही."

सगळ्या गावाची चौकशी झाली. मास्तरांचं स्वतःचं नाव मात्र कधी निघालं नाही.

हे वर्षभरही चाललं असतं, पण त्यांचा मुलगा प्रशांत, नागपुरात नोकरीला असतो, तो मधे पडला. "बाबा, आईजवळ दिवसरात्र बाई ठेवायची आहे. त्या बाईची खाट काय तुमच्या दरेकशात टाकू? टेबल काढा." बापलेकांची जुंपली. शेवटी असं ठरलं की रविवारी प्रशांत दुपारच्या गाडीनं येईल. त्याच्यासमोर खेळगाडीनं कोणाचा हात न लागता एक पूर्ण फेरी मारली, तर टेबल राहील आणि खाट मधल्या खोलीत जाईल. नाही मारली, तर टेबल भंगारात.

मग मात्र मास्तर घामाघूम झाले. तारा बदलल्या. सेन्सर कापसानं पुसला, जसा तान्ह्या लेकराचा कान. चपलेच्या खोक्याचा बोगदा करून वर ठेवला, तर सेन्सर बोगद्यालाच गाडी समजला. फाटक पडलं ते उठेचना! मी इतका हसलो की खुर्चीत बसलेल्या वहिनीबाईंचंही अर्धं तोंड हसलं.

शनिवारी उलगडा झाला. सकाळी सेन्सर शहाणा असायचा, दुपार कलली की बिघडायचा. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन येते, ते वहिनीबाईंच्या खुर्चीवरून सरळ टेबलावर पडते. मास्तर म्हणाले, सेन्सर ज्या न दिसणाऱ्या उजेडावर चालतो तो उन्हातही असते. ऊन पडलं की त्याला वाटते, गाडी आली.

मास्तरांनी खिडकी लावली. गाडी सुटली, दरेकसा पार, दारातली फळी पार, पूर्ण फेरी! मास्तरांनी मला मिठी मारली अन् लगेच सोडली, कारण शिट्टी फुंकायची राहिली होती. अंधाऱ्या खोलीत वहिनीबाई चांगल्या हातानं शाल ओढून राहिल्या होत्या. थंडीचे दिवस. मास्तर शिट्टी फुंकता फुंकता तिकडे पाहत थांबले.

रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो, प्रशांतचं तोंड पाहायला. तो खुर्ची ओढून बसला होता. आणि खिडकी सताड उघडी!

"मास्तर, खिडकी जी!" मी उठलो. मास्तरांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"बसा."

गाडी सुटली. ती अर्ध्यावर नाही पोचली तोच फाटक पडलं. सिग्नल लाल. गाडी दरेकशाअलीकडे उभी.

प्रशांत हसला. "मग बाबा, आज कोणाची चूक? पालीची का डोमाकाकांची?"

"माझी," मास्तर म्हणाले. "खिडकी मी उघडी ठेवली."

"काऊन पण?" मी ओरडलो.

"उद्या खाट येते मग," प्रशांत म्हणाला.

"येऊ दे."

तो टेम्पोवाल्याला फोन लावायला अंगणात गेला. मी रागानं तिथंच बसून राहिलो. इतके दिवस साऱ्या गावाला छळलं, अन् जिंकायच्या वेळी हा शहाणपणा! ऊन टेबलावरून हळूहळू सरकलं, आणि एकाएकी फाटक उठलं. सिग्नल हिरवा. गाडी आपोआप निघाली, दरेकसा ओलांडलं, फळीवरून खडखडत गेली अन् फेरी पुरी झाली.

"मास्तर, गेली! पोराले आवाज द्या!"

मास्तरांची पाठ माझ्याकडे होती. ते वाकून वहिनीबाईंची खुर्ची, त्यांच्यासकट, वीतवीत ओढून राहिले होते, ऊन जिकडे सरकलं तिकडे.