हॉलरॉयडच्या दारातले काळे डाग

घरापुढच्या नव्याकोऱ्या पेव्हर ब्लॉकवर गाडी अगदी मधोमध लावायची, दोन्ही बाजूंना सात-सात ब्लॉक मोकळे सुटले पाहिजेत, एवढंच हॉलरॉयडने ठरवलं होतं. (निवृत्त माणसाने काही ठरवूच नये.)

चौथ्या दिवशी ब्लॉकवर टायरचे काळे, वाकडे डाग दिसले आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेजारच्या पार्जिटरचे पाहुणे!" तो गरजला. "आपल्या दारात गाड्या वळवतात मेले!"

इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टच्या त्या गल्लीत एकवेळ शिवी खपली असती, पण दुसऱ्याच्या दारात गाडी वळवणं म्हणजे महापाप.

"अहो, आधी चहा घ्या," त्याची बायको एनिड म्हणाली.

"चहा गेला चुलीत!"

(इंग्रज माणूस असं बोलला, यावरून काय ते समजा.)

मग 'इथे गाडी वळवू नये' अशी पाटी लागली. पडद्याआडून पहारा सुरू झाला. कुणी आत शिरू नये म्हणून त्याची गाडी रोज फाटकापाशी आडवी उभी राहायची आणि संध्याकाळी पुन्हा सात-सात ब्लॉक मोजून जागेवर जायची. डाग मात्र दुप्पट झाले!

शेवटी त्याने कुंपणावरून शेजाऱ्यालाच गाठलं.

"सॉरी पार्जिटर, पण तुम्ही हलकट आहात!"

"सॉरी, काय म्हणालात?"

"तुमचे पाहुणे..."

"माझ्याकडे ईस्टरपासून कुत्रंसुद्धा फिरकलं नाही हो," पार्जिटर दुखावून म्हणाला.

एव्हाना गल्लीतली सगळी दारं उघडली होती. हॉलरॉयडला चेव आला. "ज्याने हे केलं त्याला गुडघ्यांवर बसवून ब्रशने घासायला लावीन! नाहीतर नावाचा हॉलरॉयड नाही!"

आता उरली शेरिल. ब्लॉक तिनेच बसवले होते. ती आल्या आल्या हा तिच्यावर तुटून पडला. "हलका माल, हलकं काम! सगळं उखड आणि पुन्हा घाल!"

शेरिल वाकून डाग बघत राहिली. "गाडी जरा लावून दाखवता?"

हॉलरॉयडने तणतणत लावली. पुढे घेतली, थांबला, चाक करकरा फिरवलं. मागे घेतली, थांबला, पुन्हा फिरवलं. सात-सात! खाली एक ताजा काळा डाग.

"सर, नव्या ब्लॉकवर टायरचा डाग लगेच उठतो. उभ्या गाडीचं चाक फिरवायचं नसतं."

"मला शिकवतेस? बत्तीस वर्षं अख्ख्या स्टॉकपोर्टला मी गाडी शिकवली!"

"माहितीये ना. मी तुमच्याकडेच शिकले. 'उभ्या गाडीचं चाक फिरवायचं नसतं' म्हणत तुम्हीच माझ्या हातावर गुंडाळलेला पेपर मारायचात."

गल्लीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पार्जिटरने कुंपणावरून अदबीने ब्रश पुढे केला. "सॉरी, जरा कडक आहे."

शब्द म्हणजे शब्द. हॉलरॉयड दात-ओठ खात, गुडघ्यांवर बसून संध्याकाळपर्यंत घासत होता. एनिडने आणलेला चहा त्याने मुकाट्याने घेतला. मग कंबर धरून उठला, तर गाडीच्या पाठीवर शिकाऊ ड्रायव्हरची लाल 'एल' पाटी! त्याच्याच जुन्या खोक्यातली.

"एनिड! ही तू लावलीस?"

"छे हो, ती पार्जिटरने," एनिड शांतपणे म्हणाली. "मी पुढची लावली. कायद्याने दोन लागतात, तुम्हीच शिकवायचात ना?"