अप्रमाणित नाक

बिस्किटांच्या कारखान्यात गॅस डिटेक्टर बसवायचं ठरलं आणि त्यासाठी अकरा जणांची समिती नेमली गेली. डबा एक, स्क्रू चार. म्हणजे एका स्क्रूमागे पावणेतीन माणसं.

स्क्रू मात्र बाराव्या माणसाने पिळायचे होते. हजेरीपुस्तकात त्याचं काहीतरी नाव होतं, पण खिशात कायम पाना असायचा म्हणून सगळे त्याला पान्या म्हणायचे. बायको तेवढी म्हणायची नाही. तीही इथेच, पॅकिंग हॉलमध्ये कामाला होती, आणि चारचौघींत नवऱ्याला पान्या म्हणणं बरं दिसत नाही. तिचं टेबल नेमकं त्या चरावर होतं, ज्यातून भट्ट्यांकडे गॅसचा पाईप जातो. चरावर लोखंडी जाळी, जाळीवर टेबल, टेबलावर पाकिटांची तोंडं चिकटवायचं गरम मशीन. दिवसातून दोन हजार वेळा ठक, ठक, ठक.

म्हणून पान्याला तो डबा हवा होता. समितीला का हवा होता, तर परवान्याच्या फॉर्मात तेविसावा प्रश्न होता : ‘उपकरण दर्शनी भागात बसवले आहे काय? होय / नाही.’

डब्यासोबत एक पुस्तिका आली होती. पान्याने ती जेवणाच्या सुट्टीत अख्खी वाचून काढली आणि सेफ्टी ऑफिसरकडे गेला. या साहेबांना सगळे हेल्मेट म्हणायचे, कारण ते जेवतानाही हेल्मेट काढायचे नाहीत.

“साहेब, आपला गॅस हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा चरात साचतो. डबा जमिनीपासून फूटभर उंचीवर लागतो. पॅकिंगच्या टेबलाशेजारी.”

“फूटभर?” हेल्मेट म्हणाले. “तपासणीला मोठी माणसं येतात. ती काय गुडघ्यावर बसून बघणार?”

“बघायचंय कोणाला साहेब, डब्याला गॅस कळला पाहिजे.”

“फॉर्ममध्ये दर्शनी लिहिलंय. खाली खोक्यांमागे काय दर्शन होणार, डोंबल? घड्याळाशेजारी लाव. लोक टाइम बघतील, सोबत सुरक्षितताही बघतील.”

डबा घड्याळाशेजारी लागला. नऊ फुटांवर. गॅसने आता शिडी आणली तरच तो पकडला जाणार होता. त्याचा फोटो निघाला. फोटोत अकराही जण होते आणि शिडी धरलेला पान्याचा एक हात.

मग कॅलिब्रेशनचा विषय निघाला. डबा खरं बोलतो की खोटं, हे ठरवायची पद्धत सोपी आहे. आधी स्वच्छ हवा दाखवायची, त्याने शून्य म्हटलं पाहिजे. मग छोट्या नळकांड्यातून ठरावीक गॅस द्यायचा, त्याने ठरावीक आकडा म्हटला पाहिजे. हवेत किती गॅस मिसळला की भडका उडेल, त्याच्या किती टक्क्यांपर्यंत आपण पोहोचलोय, तो हा आकडा. वीस झाला की भोंगा वाजतो. पान्याने नळकांड्याची मागणी लिहून दिली. आठ दिवसांनी मागणी परत आली, शेरा मारून : ‘ज्वलनशील गॅस आवारात आणण्यास सुरक्षा नियमांनुसार सक्त मनाई आहे.’

पान्या कागद घेऊन धावत गेला. “साहेब, मागच्या अंगणात गॅसच्या चाळीस टाक्या आहेत!”

“त्या उत्पादनासाठी आहेत,” हेल्मेट म्हणाले. “तू मागतोयस तो सुरक्षेसाठी. सुरक्षेसाठी धोका पत्करायचा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

तरी प्रमाणपत्र लागतंच. मग एक प्रमाणपत्रवाला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, बॅगेत फक्त स्टिकर. तो खाली उभा राहिला, मान वर करून डब्याकडे पाहिलं, म्हणाला, “किती दाखवतोय?”

“शून्य शून्य.”

“उत्तम,” म्हणाला आणि स्टिकर काढला.

“अहो, पण गॅस दाखवून बघा ना!”

“गॅस दाखवला आणि आकडा चुकला तर?” तो शांतपणे म्हणाला. “मग प्रमाणपत्र देता येत नाही. उगाच तुमचीच अडचण.” स्टिकर लावायला शिडी मात्र पान्यालाच चढावी लागली.

शून्य शून्य. साहेब लोकांना तो आकडा फार आवडला. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये तो वाचून दाखवायचे आणि वाचून झाला की सगळे समाधानाने चहा प्यायचे. डबा धुळीने मळू नये म्हणून हेल्मेटनी आदेश काढला : दर सोमवारी त्यावर गाडीच्या डॅशबोर्डला मारतात तो पॉलिशचा फवारा मारावा. आता त्या फवाऱ्यात सिलिकॉन असतं आणि सिलिकॉन आतल्या सेन्सरला विष आहे, असं पुस्तिकेत चौदाव्या पानावर ठळक छापलं होतं. पान्याने पान उघडून समोर धरलं. हेल्मेटनी पुस्तिका घेतली, ‘महत्त्वाची कागदपत्रे’ लिहिलेल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. “अशा वस्तू हाताळून फाटतात,” म्हणाले.

पाच सोमवार गेले. डबा असा चमकायचा की त्यात बघून भांग पाडावा.

पान्याला राहवेना. एका सुट्टीच्या दिवशी मेन व्हॉल्व्ह बंद करून, भट्ट्या थंड असताना, तो शिडीवर चढला आणि लायटर न पेटवता त्याचा नुसता गॅस डब्याच्या तोंडाशी सोडला. एक मिनिट. दोन मिनिटं. शून्य शून्य. डबा मेला होता. चमकत होता, पण मेला होता.

सोमवारी त्याने हे सांगितलं, तेव्हा हेल्मेटनी पहिल्यांदा ते कपाट उघडलं, पुस्तिका काढली आणि बरोबर सोळावं पान काढून त्याच्या तोंडासमोर नाचवलं. “वाच! लायटरने तपासणी केल्यास सेन्सर खराब होऊ शकतो. खराब केलास! प्रमाणित उपकरण होतं ते!”

“आधीच मेलं होतं साहेब!”

“आधी मेल्याचा अहवाल आहे? नाही ना? मग तू मारलंस.”

पान्याच्या नावावर मेमो निघाला. डबा बदलायचा का, हा प्रश्न समितीपुढे गेला. समितीने बघितलं, डब्यावर स्टिकर आहे आणि त्यावरची तारीख अजून सात महिने पुढची आहे. म्हणजे सात महिने डबा जिवंत. ठराव एकमताने मंजूर.

त्यानंतर बारा दिवसांनी बायको घरी आली ती डोकं धरूनच. “सारखं दुखतंय हो. टेबलापाशी सडक्या कांद्यासारखा वास मारतो. शेजारची पण म्हणत होती.”

दुसऱ्या दिवशी पान्या कामावर पोहोचताच चराची जाळी उचलून पोटावर झोपला. पाईपच्या जोडावर साबणाचं पाणी ओतलं. फुगे आले. बारीक नाही, चांगले लिंबाएवढे. तो तसाच ओल्या शर्टाने हेल्मेटकडे पळाला आणि त्यांना ओढूनच आणलं.

हेल्मेटनी आधी वर पाहिलं. शून्य शून्य. मग खाली पाहिलं. “फुगे साबणाचे असतात,” म्हणाले.

“वास घ्या ना साहेब! मला इथे उभ्याने येतोय!”

“तुला येतोय. तुझ्या नाकाचं कॅलिब्रेशन झालंय?”

“काय?”

“कधी झालं? कोणी केलं? स्टिकर दाखव.” हेल्मेट गमतीत बोलत नव्हते, ते कधीच गमतीत बोलायचे नाहीत. “एकीकडे प्रमाणित उपकरण शून्य सांगतंय. दुसरीकडे तुझं नाक. उद्या कोणी म्हणेल गुडघा दुखतोय, भट्टी बंद करा. कारखाना असा चालतो?”

तासाभरात सूचना फलकावर परिपत्रक लागलं : ‘कर्मचाऱ्यांनी अप्रमाणित अवयवांच्या आधारे धोक्याबाबत अफवा पसरवू नयेत.’ तळाशी हिरवा शिक्का.

दुपारपर्यंत वास दाराशी आला. पान्याचं डोकं फिरलं. तो मागच्या अंगणात गेला, दोन्ही हातांनी मेन व्हॉल्व्ह पिळून बंद केला आणि पॅकिंग हॉलमध्ये ओरडत शिरला. “कोणी कशाला हात लावू नका! मशीनचा प्लगसुद्धा काढायचा नाही, ठिणगी उडेल! आहे तसं सोडा आणि बाहेर व्हा!”

“अहो, साठ पाकिटं राहिलीयत फक्त,” बायको म्हणाली.

“अगं पाकिटं गेली खड्ड्यात, चल!” त्याने तिचं मनगट धरलं. सगळ्याजणी बाहेर गेल्यावर त्याने हॉलची शटर हातांनी वर ढकलली. भट्ट्या विझल्या. चार ट्रे बिस्किटं अर्धी कच्ची राहिली.

समिती आली ती तीन तासांनी, कारण आधी बिस्किटांचा पंचनामा करायचा होता. शटर उघडी, वारा सुटलेला. अकराही जणांनी ओळीने नाक वर करून वास घेतला. त्या वेळी त्यांच्या नाकांचं कॅलिब्रेशन कोणी विचारलं नाही. गॅस सापडला नाही, असा निष्कर्ष निघाला.

मग साक्षी. प्रत्येक कामगाराला एक कागद मिळाला, त्यावर दोन प्रश्न. पहिला : ‘आपणास वास आला होता काय?’ दुसरा : ‘आला असल्यास आपण लेखी कळवून काम का थांबवले नाही, याचा खुलासा करावा व शिक्षेस पात्र का समजू नये ते लिहावे.’

त्रेचाळीस कागद वाटले. त्रेचाळीस परत आले. सगळ्यांवर ‘नाही’.

चौथ्या दिवशी पान्याला कामावरून काढलं. गेटवर ओळखपत्र देताना त्याने हेल्मेटना हात जोडले. “साहेब, मला काढा, काही हरकत नाही. जाताना तो जोड तेवढा दुरुस्त करून जातो. अर्ध्या तासाचं काम आहे. वायसर पण माझ्याकडे आहे.”

“आता तू बाहेरचा माणूस,” हेल्मेट म्हणाले. “बाहेरच्या माणसाला गॅसच्या पाईपला हात लावता येत नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे.”

संध्याकाळी तो बायकोसमोर बसला. मग विचारलं, “तू पण नाहीच लिहिलंस?”

“मग काय लिहू? दोघांनी घरी बसू?” ती भाजी चिरत होती, मान वर केली नाही. “व्हॉल्व्ह त्यांनी लगेच उघडला. जोडावर चिकटपट्टी गुंडाळलीय कोणीतरी. आणि खरं सांगू का, परवापासून वास येतच नाही बघा.”

सतत गॅसमध्ये बसलं की नाक दमतं, मग वास लागत नाही, हे पान्याला माहीत होतं. “उद्या जाऊ नकोस,” तो म्हणाला.

“जाऊ नको तर काय करू?”

ती सकाळी गेली. रोज जाते. तो गेटसमोरच्या टपरीवर बसून असतो, ती बाहेर येईपर्यंत.

मागच्या आठवड्यात पान्याच्या जागेसाठी जाहिरात आली. पात्रता : आयटीआय, निरोगी प्रकृती, उंचीवर काम करण्याची तयारी, ‘ज्यांच्या नाकास वास कळत नाही अशा उमेदवारांस प्राधान्य’. एका जागेसाठी सहाशे अर्ज आले. त्यात शिकलेली माणसं होती, घरदार असलेली, जबाबदार. कोणाला काही विचित्र वाटलं नाही.

तुम्हाला हसू आलं असेल. मग एक करा. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, पोरांच्या शाळेत भिंतीवर असाच एखादा डबा असेल, वर हिरवा दिवा असेल. तो शेवटचा कोणी वाजवून बघितला, तेवढं सांगा. माहीत नाही ना? दिवा लागलाय, म्हणजे ठीकच असणार, असंच वाटलं ना?

सहाशे एकावा अर्ज तुमचा. मंजूर.