हद्दपार निरीक्षक

देशाबाहेर घालवलेल्या नेत्याला लोकशाही अधिक स्वच्छ दिसते, असं जाणकार सांगतात. (मध्ये देश येत नाही.) ओर्वेदा देशाचे विरोधी पक्षनेते तोमास अरेंगो गेली नऊ वर्षं इंग्लंडमधल्या श्रूजबरीत राहून ती पाहत होते. या काळात त्यांनी दोनशे चौदा व्याख्यानं दिली, सदतीस मानपत्रं स्वीकारली, आणि तिकडे त्यांच्या हुकूमशहाचं वजन बारा किलोंनी वाढलं.

पुढचं व्याख्यान गावातल्या मराठी मंडळात झालं. "आमच्याकडे मत द्यायला लोक दोन दिवस उन्हात उभे होते," ते म्हणाले. तीनशे बारा सभासदांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चौदा वर्षं बिनविरोध अध्यक्ष असलेल्या प्रतापकाकांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आसावरी नावाची सभासद उठली. "काका, मग आपणही इलेक्शन घेऊ या ना. मी उभी राहते."

"अगं, सगळे खूश आहेत. उगाच कशाला?"

शेजारच्याने भाषांतर करून सांगितलं तसे अरेंगो दचकले. त्यांच्या हुकूमशहाचं पहिलं भाषण याच वाक्याने सुरू झालं होतं. "मी निरीक्षक म्हणून येईन," ते ताडकन म्हणाले. पाहुण्यांसमोर काकांना नाही म्हणवेना.

रविवारी दहा ते तीन मतदान ठरलं. अरेंगो कडक इस्त्रीचा कोट घालून साडेनऊलाच शाळेच्या हॉलवर हजर. बारापर्यंत सात मतं पडली. ग्रुपवर मात्र 'मनाने सोबत आहोत' असे एकशे चाळीस मेसेज आले. (मन मोजण्याची तरतूद मंडळाच्या घटनेत नाही.)

एक वाजता अरेंगो बाहेर जाऊन दारासमोर उभे राहिले.

"अंकल, तुम्ही मेंबर नाही," आसावरी म्हणाली.

"ठाऊक आहे. पण रांग दिसली पाहिजे."

एकूण मतं एकोणीस. काका दहा, आसावरी नऊ. शेवटची चिठ्ठी उघडेपर्यंत निकाल कुणालाच माहीत नव्हता, एवढ्यावरून अरेंगोंना रडू फुटलं. हरलेल्या आसावरीलाच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

"पुढच्या वर्षी परत उभी राहणार, काका," ती म्हणाली. काकांनी पेढा पुढे केला.

संध्याकाळपासून न आलेल्या दोनशे त्र्याण्णव सभासदांचे फोन सुरू झाले. काका परत निवडून आलेच कसे? नक्की काहीतरी गडबड आहे! मंडळाने तक्रारीसाठी रीतसर अर्ज काढला आहे. आपल्यालाही या निकालात गडबड वाटत असेल, तर तो जरूर भरावा. फक्त पहिला रकाना कोरा सोडू नये: मतदानाच्या दिवशी आपण कुठे होतात?