वाटाण्याच्या अक्षता

"ग्लेनिस! हा रेडिएटर गरम कसा झाला?"

ट्रेव्हर ओल्डरॉइडनं पुढच्या खोलीतून अशी काही हाक मारली, की स्वयंपाकघरात बटाटे सोलणाऱ्या ग्लेनिसला वाटलं, छतच खाली आलं. ती हात पुसत धावत आली. छत जागच्या जागी होतं. ट्रेव्हर मात्र आरामखुर्चीतून अर्धवट उठून, चटका बसल्यासारखा रेडिएटरकडे बघत होता.

"रेडिएटर गरमच असतो, ट्रेव्हर. त्यासाठीच बनवतात तो."

"थट्टा नकोय. तू हात लावलास का?"

"मी कशी लावणार? तूच कुलूप घातलंयस ना त्याला!"

हे मात्र खरं होतं. ट्रेव्हरच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याच्या लेकीनं, लॉरेननं, खोल्या तापवणाऱ्या सगळ्या रेडिएटरांच्या नळांवर नव्या तऱ्हेच्या पांढऱ्या डब्या बसवून दिल्या होत्या. प्रत्येक डबी आपापल्या खोलीतला गारठा मोजायची, फोनला कळवायची आणि फोन सांगेल तसा नळ उघडायची नाहीतर मिटायची. जन्मभर हॅलिफॅक्स गावातल्या चढावर बस हाकलेल्या ट्रेव्हरनं आधी नाक मुरडलं. पण फोनवर बोटं फिरवता फिरवता त्याला एक भन्नाट चीज सापडली. लहान मुलांनी उगाच बटणं फिरवू नयेत म्हणून त्या डब्यांना एक कुलूप होतं. ओल्डरॉइडांच्या घरात लहान मूल कुणीच नव्हतं, पण ट्रेव्हरनं कुलूप लावलं आणि त्या क्षणापासून ते घर म्हणजे त्याची बस झाली. चालक तो, बाकीच्यांनी गप्प बसायचं.

ग्लेनिस म्हणायची, "ट्रेव्हर, थंडी वाजतेय रे. नुसता तासभर लाव." ट्रेव्हर म्हणायचा, "अंगात काहीतरी घाल." तिच्या प्रत्येक विनंतीला त्यानं अशा वाटाण्याच्या अक्षता लावल्या. तिच्या अंगात आता दोन स्वेटर आणि वर जाडजूड झगा होता. तिसरा स्वेटर चढवला असता तर हात खाली आलेच नसते.

ट्रेव्हर काही कंजूष माणूस नव्हता. इथे प्रश्न अब्रूचा होता, आणि ती अब्रू शेजारच्या नॉर्मन क्रॅबट्रीच्या हातात होती.

त्या गल्लीत, ऑक्टोबरअखेर सगळ्या देशाची घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे जायच्या आत घर तापवणं म्हणजे चारित्र्यावर डाग समजत. घड्याळं मागे गेली, की मग खरी शर्यत लागायची. ट्रेव्हर आणि नॉर्मन यांच्या घरांमध्ये एक अरुंद बोळ होता. दोघांच्याही बॉयलरची तोंडं त्या बोळात, समोरासमोर. घर तापायला लागलं की त्या तोंडातून पांढरी वाफ निघायची. आपली वाफ आपल्या घरातून दिसत नसे, शेजाऱ्याची मात्र खिडकीतून लख्ख दिसे. ज्याची वाफ आधी निघेल तो हरला. आंघोळीपुरती पाच मिनिटं वाफ माफ, त्यापुढे नाही. आणि हरणाऱ्यानं हिवाळाभर, जेव्हा जेव्हा हिम पडेल तेव्हा तेव्हा, सकाळी उठून जिंकणाऱ्याच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून द्यायचा.

गेल्या हिवाळ्यात ट्रेव्हर हरला होता. तो बोटं बधिर होईस्तोवर काच खरवडायचा आणि नॉर्मन आत चहाचा मग घेऊन खिडकीवर टकटक करायचा. "डावीकडे राहिलं बघ, ट्रेव्हर!" दूधवाला हसायचा, पोस्टमन हसायचा, चर्चमधल्या बायका गाडी हळू करून हसायच्या. या वर्षी ते नको. या वर्षी मरण पत्करलं, पण वाफ नाही.

आणि आता रेडिएटर गरम!

ट्रेव्हर पायात सपाता घालून बोळात धावला. त्याच्या भिंतीतून वाफेचा हा मोठा लोट निघत होता. समोर नॉर्मनच्या स्वयंपाकघराचा पडदा हलला. ट्रेव्हरला काहीच सुचेना. दोरीवर सकाळी वाळत घातलेली आणि अजून ओलीच असलेली चादर होती, ती ओढून तो दोन्ही हात फाकून भिंतीपुढे उभा राहिला.

खिडकी उघडली. नॉर्मनचं टक्कल बाहेर आलं. त्यावर लोकरीची टोपी होती आणि गळ्यात मफलर.

"काय रे, काय करतोयस?"

"चादर वाळवतोय."

"हातात धरून?"

"चिमटे संपलेत."

"तुझ्या डोक्यामागून वाफ येतेय, ट्रेव्हर."

"ग्लेनिस आंघोळ करतेय."

तेवढ्यात ग्लेनिस सोलायची सुरी हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "ट्रेव्हर, बटाटे चिरू की कुस्करू?"

नॉर्मननं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. ट्रेव्हर चादरीसकट आत पळाला आणि त्यानं बॉयलरचं मुख्य बटणच बंद केलं. वाफ थांबली. पाच मिनिटांच्या आत थांबली, हे नॉर्मनलाही कबूल करावं लागलं. पण त्यानं खिडकी लावली नाही, उलट तिथे खुर्ची ओढून बसला.

ट्रेव्हरनं लॉरेनला फोन लावला. "तुझं हे यंत्र फितूर झालंय. आपोआप चालू होतंय."

"आपोआप नाही होत, बाबा. खोलीत गोठायची वेळ आली तरच होतं. नळ फुटू नयेत म्हणून. तुझ्या फोनवर पुढच्या खोलीत किती दिसतंय?"

ट्रेव्हरनं चष्मा लावून बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तीन अंश!"

"घरात तीन अंश? बाबा, तू आईला कुठे ठेवलंयस? आणि बॉयलर बंद बिंद करू नकोस हं, नळ फुटला तर सगळं घर वाहून जाईल!"

तीन अंश कुठून आले, हे त्या घरात कुणालाही कळण्यासारखं होतं. ट्रेव्हरचा उजवा गुडघा बस चालवून चालवून कामातून गेलेला. दुपारी पिकल कुत्र्याला चढावर फिरवून आणलं की तो सुजायचा. मग ट्रेव्हर खुर्चीत बसून त्यावर गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी ठेवायचा. तीच पिशवी, रोज वितळून रोज गोठलेली, आता विटेसारखी झालेली. थोड्या वेळानं ग्लेनिस चहा आणून द्यायची. एका हातात कप, दुसऱ्या हातात पेपर, मग पिशवी कुठे ठेवणार? हाताशीच रेडिएटर होता आणि त्याच्या टोकाला ती पांढरी डबी. पिशवी तिच्यावर अगदी टोपीसारखी बसायची.

ट्रेव्हरला हे दिसलं नाही. ग्लेनिसला त्या संध्याकाळी दिसलं. तिनं पिशवीकडे बघितलं, डबीकडे बघितलं, मग स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं आणि पोट धरून हसली. नंतर मात्र मूग गिळून गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी ट्रेव्हर फिरून आला तेव्हा ग्लेनिस दारातच उभी. "गुडघा कसा आहे रे? दुखत असेल ना? बस, मी वाटाणे आणते."

ट्रेव्हरचा ऊर भरून आला. आपण हिला इतक्या थंडीत ठेवतो आणि ही आपल्या गुडघ्याची काळजी करते! त्यानं तिचा हात क्षणभर धरून ठेवला. मग चहा आला, पेपर आला, वाटाणे डबीवर गेले, आणि वीस मिनिटांत खोली दुलईसारखी उबदार झाली.

आता ट्रेव्हर फोन डोळ्यांपुढे धरूनच बसायचा. कपाळावर घाम, बनियन ओलं, आणि फोनवर तीन अंश. "खिडकीतून येतोय गारठा," तो म्हणायचा. त्यानं खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. दाराखाली टॉवेल कोंबला. भिंतीतलं पिकलचं ये-जा करायचं दारही खिळे ठोकून बंद केलं आणि पिकलनं त्याचा निषेध ट्रेव्हरच्या बुटात नोंदवला. तरी तीन अंश! मग ट्रेव्हरनं कपाटातला ओव्हरकोट काढला.

"ट्रेव्हर, तुझ्या नाकावरून घाम गळतोय," ग्लेनिस म्हणाली. तिनं एव्हाना झगा आणि एक स्वेटर उतरवला होता.

"भास आहे तो. फोन खोटं बोलत नाही. तीन अंश आहेत, तीन! तू पण अंगात काहीतरी घाल."

बॉयलर कायमचा बंद ठेवावा, तर नळ फुटायची धास्ती. चालू ठेवावा, तर समोर नॉर्मन डोळ्यांत तेल घालून बसलेला. म्हणून वाफ निघाली की दर चार मिनिटांनी ट्रेव्हर कोट सावरत उठायचा, बटण बंद करायचा, लंगडत परत यायचा, थोड्या वेळानं पुन्हा चालू करायचा. त्यानं गुडघा आणखी दुखायचा. दुखला, की ग्लेनिस नवी पिशवी आणायची. ट्रेव्हर तिला म्हणालासुद्धा, "तुझ्यासारखी बायको नशिबानं मिळते." यावर ती जरा गोरीमोरी झाली, पण पिशवी आणायची काही थांबली नाही.

शनिवारी व्हायचं ते झालं. दोन दिवस झोप नाही, गुडघ्याला गारवा, अंगाला ऊब. ट्रेव्हर खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागला. जाग आली ती दार ठोठावल्यानं.

"अठरा मिनिटं!" नॉर्मन दारातून आत शिरतच ओरडला. मागे त्याची बायको डोरीन होती. "अठरा मिनिटं सलग वाफ! हरलास लेका! मी नवीन खरवडणी घेऊन ठेवलीय तुझ्यासाठी, लांब दांड्याची!"

ट्रेव्हरचा चेहरा पडला. दूधवाला, पोस्टमन, चर्चमधल्या बायका, सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. "मी नाही लावलं, नॉर्मन. शपथ घेऊन सांगतो. ते आपोआप लागतं. खोलीत तीन अंश आहेत बघ."

"तीन?" नॉर्मननं मफलर काढला. मग टोपी काढली. मग सोफ्यावर बसला आणि त्याच्या तोंडून असा सुस्कारा निघाला, जसा बर्फातून काढलेल्या माणसानं सोडावा. "आहाहा. ट्रेव्हर, हे तीन असतील तर आमच्याकडे उणे दहा आहेत. स्वयंपाकघरात खिडकी उघडून बसून माझी हाडं गोठलीत रे. त्यात घरात कसला वास सुटलाय. दोन दिवस मेलेला उंदीर शोधतोय."

ग्लेनिसनं डोरीनकडे बघितलं. डोरीन घाईघाईनं पडद्याचं कापड तपासायला लागली.

तेवढ्यात पिकल आला, त्यानं रेडिएटरजवळ नाक नेलं आणि डबीवरची पिशवी तोंडात धरून ओढली. पिशवी फाटली. वाटाणे गालिचाभर घरंगळले. ट्रेव्हरच्या हातातल्या फोननं टुणकन आवाज केला.

ट्रेव्हरनं फोनकडे बघितलं. तिनाचे सात झाले, साताचे बारा. त्यानं वाटाण्यांकडे बघितलं. मग डबीकडे. मग, अगदी सावकाश, बायकोकडे.

"ग्लेनिस. माझा गुडघा."

"हो रे, तुझा गुडघा."

"म्हणजे ती सगळी काळजी..."

"गुडघ्याचीही होती," ग्लेनिस म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "पण सत्तरीला टेकलेल्या बायकोला तू लहान मुलांचं कुलूप लावतोस? माझ्याच घरात? बोटं वळत नव्हती माझी. तू मागं वळून विचारलंस तरी?"

ट्रेव्हरला लाज वाटली, आणि ओव्हरकोटात ती जास्तच गरम वाटली. त्यानं कोट काढला. "चुकलो," तो म्हणाला. फोनवर दोनदा बोट टेकवून त्यानं कुलूप काढलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"ते तुमचं तुम्ही बघा," नॉर्मन म्हणाला, "पण पैज ती पैज. काच तूच खरवडायची."

"नॉर्मन," ग्लेनिस गोड आवाजात म्हणाली, "जरा इकडे खिडकीशी ये."

नॉर्मन आला. बोळापलीकडे त्याच्या स्वतःच्या भिंतीतून पांढराशुभ्र लोट निघत होता, ट्रेव्हरच्यापेक्षा चांगला हातभर जाड.

"डोरीन!"

"ओरडू नकोस," डोरीन म्हणाली. "ट्रेव्हरनं डब्या बसवल्या म्हणून तूही आठवड्याभरात बसवून घेतल्यास. आणि कुलूपही लावलंस. मग ग्लेनिसनं मला युक्ती सांगितली. मी आपली मागच्या शिवणाच्या खोलीत बसते छान ऊब घेत. तू सारखा समोर बघत बसलेला, तुला काय कळणार? आता आमच्याकडे वाटाणे नव्हते, म्हणून मी गोठवलेल्या माशांच्या तुकड्यांची, फिश फिंगरची, पिशवी ठेवली."

"फिश फिंगर!" नॉर्मननं कपाळावर हात मारला. "अगं, मी फरशी उखडणार होतो!"

ट्रेव्हर एकदम ताठ झाला. "थांबा, थांबा. दोन दिवस वास येतोय ना? म्हणजे ह्याची वाफ दोन दिवसांपासून! मी जिंकलो!"

"बस खाली," ग्लेनिस म्हणाली. "तू पिकलला घेऊन चढावर जातोस, तेव्हा वाटाणे कुणाच्या गुडघ्यावर असतात रे? डबीवरच! नॉर्मन त्या वेळी आत जेवत असतो म्हणून त्याला वाफ दिसत नाही, एवढंच."

"मग आधी कोण?" दोघेही एकदम म्हणाले.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "मला काही आठवत नाही बाई," डोरीन म्हणाली.

"मलाही नाही," ग्लेनिस म्हणाली. "थंडीनं डोकं चालत नव्हतं. तेव्हा दोघेही हरलात."

मंगळवारी पहिलं हिम पडलं. सगळी गल्ली पांढरी झाली. मंगळवारी दोघी पोहायला जातात आणि दोन्ही गाड्या लागतात, कारण परतताना डोरीनला बहिणीकडे जायचं असतं. ट्रेव्हर नॉर्मनची काच खरवडत होता, नॉर्मन ट्रेव्हरची. आपापली खरवडली असती तरी चाललं असतं, असं नॉर्मननं सुचवून बघितलं होतं, पण पैजेचा नियम दोघींनी त्याला पाठ म्हणून दाखवला. दूधवाला थांबला, हसला आणि पोस्टमनला हाक मारायला गेला.

"लांब दांड्याची बरी पडते का रे?" ट्रेव्हरनं विचारलं.

"गप्प बस," नॉर्मन म्हणाला.

इतक्यात खिडकीवर टकटक झाली. आत ग्लेनिस आणि डोरीन चहाचे मग घेऊन उभ्या होत्या. दोघींच्याही अंगात बिनबाह्यांचे ब्लाउज होते.

"डावीकडे राहिलं बघ, ट्रेव्हर!" ग्लेनिस काचेआडून ओरडली. "आणि थंडी वाजत असेल तर अंगात काहीतरी घाल!"