रिकाम्या गावची भागाआत्या

बंद दाराशी भांडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. "काय गं कमळे, अंगन झाडाया काय तुझा बाप येनार व्हय?" असं कुलपाला विचारून भागाआत्या ते अंगण स्वतःच झाडायची. कमळ तेव्हा तिकडं देवळाली प्रवऱ्याला ऊस तोडत असायची. मग पुढचं दार. "नामदेवा, ऊठ की मेल्या!" म्हणून कडी वाजवायची. नामदेव श्रीगोंद्याच्या फडात.

मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. विचारलंच एकदा. म्हणाली, "मास्तर, मान्साचा आवाज न्हाई आयकला तर घराला वाळवी लागती. तुमच्या कालेजात न्हाई शिकवलं?"

नव्हतं शिकवलं. मी नगरला राहून बी.ए. झालो, तेही अर्थशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा मीच पहिला, म्हणून हे जरा ठासून सांगतो. पाथर्डी तालुक्यातल्या या गावी मी मास्तर म्हणून लागलो, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. पण त्याआधीही दिवाळी झाली की गाव बैलगाड्यांत बसून निघून जायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, त्यामुळे हंगाम संपल्याशिवाय परत येणं नाही. पोरंही सोबत जायची. माझ्या हजेरीपटावर नावं आणि वर्गात शेळ्या. फडावर गेलेलं पोर परीक्षेला मुकायचं, पुढच्या वर्षी शाळेकडं फिरकायचं नाही, आणि मिसरूड फुटायच्या आत त्याच्याही हाती कोयता यायचा.

त्या वर्षी गाड्या जुंपल्या तेव्हा मी रस्त्यातच उभा राहिलो. म्हणालो, "पोरं ठेवून जा."

कमळ गाडीतून म्हणाली, "ठिवते की. खाया कोन घालनार? तुमी?"

माझ्या पगारात माझंच कसंबसं भागत होतं. तेवढ्यात भागाआत्यानं पुढं होऊन गाडीचं जू धरलं. "ठिव गं. मी हाय."

"आत्ते, तुझंच तुला पुरंना!"

"ते मी बघते. उतरा रं पोरांनो, का अक्षता देऊ?"

गाडीभर पोरं उतरली. आत्या विधवा, एकटी. घर एका खणाचं. आईबापांनी ठेवलेलं दाणापाणी पौषापर्यंत कसंबसं पुरलं. मग मडकी वाजायला लागली. दाणे संपल्याचं कळून पोरं फडावर पोचवायचा आईबापांचा निरोप आता कधीही येईल, असं मला वाटू लागलं. तसं झालं असतं तर त्या वर्षाची शाळा तिथंच मिटली असती.

आणि नेमकी तेव्हाच बापूरावांची ज्वारी सोंगणीला आली. बापूराव म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. एरवी, गाव भरलेलं असताना, सकाळी त्यांच्या ओट्यापुढं मजुरांची रांग लागायची आणि ते बोटानं निवडायचे. "तू ये. तू नको." भागाआत्या कायम 'नको'तली. आता पीक उभं, पाखरं तुटून पडलेली, सोंगणीला येणारे बाहेरगावचे मजूरही यंदा फडावर गेलेले, आणि गावात उरल्या होत्या फक्त म्हाताऱ्या.

मी आत्याला नीट समजावलं. "काम जास्त अन् माणसं कमी झाली की मजुरीचा भाव मजुराच्या हाती येतो. हे पुस्तकात आहे. दुप्पट मागा." आत्यानं मन लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी बापूराव स्वतः तिच्या दारात. मी तिथंच पोरांना पाढे घोकवत होतो.

"भागे, म्हाताऱ्या गोळा कर. दोन पेंढ्या ज्यादा देतो."

"गुडघं दुखत्यात, बापूराव. मागल्या साली तुमी 'नको' म्हनला, तवाधरनं दुखत्यात."

"बरं, दुप्पट घे."

मी मागून खुणा करत होतो, घ्या, घ्या! आत्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही.

"पेंढ्या नगं. तुमची ती कडब्याची खोली मोकळी करा, माझी पोरं झोपतील. अन् गाड्या येस्तवर त्यांच्या भाकरीची ज्वारी तुमची."

"येडी का काय तू? लोकांची पोरं मी पोसू?"

"नगा पोसू. पाखरं पोसा."

बापूरावांनी शिवाराकडं पाहिलं. मग चिडून म्हणाले, "डाळ पन घालू का वरनं?"

"घाला की. म्या कुटं न्हाई म्हनते?"

डाळही आली. आत्या आपली बिनदातांची पलटण घेऊन शेतात उतरली. "काठ्या ठिवा, इळे घ्या गं!" संध्याकाळी खोलीत चूल पेटायची, पोरं भाकरीवरून मारामाऱ्या करायची, आत्या दोन्ही बाजूंना शिव्या घालायची, आणि मी कंदिलाशी गणितं घ्यायचो. मजुरीचा भाव असा पोराच्या ताटात पडलेला मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. परीक्षा झाली. एकही पोर गळालं नाही. मास्तर म्हणून माझे पाय त्या गावात रुजले ते या बाईमुळं, आणि हे ऋण सांगताना मला बी.ए. असल्याइतकाच अभिमान वाटतो.

चैत्रात गाड्या परतल्या. पोरं जाऊन आयांना अशी चिकटली की कुणी मागं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी निकाल सांगायला त्या खोलीवर गेलो. आत्या चुलीपाशी एकटीच. शेजारी भाकरींची ही एवढी चवड.

"आत्या, सगळी पास!"

"झाली न्हवं? झ्याक झालं."

"या भाकरी कुणाला?"

तिनं चवडीकडं पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणी केली होती. "हात थांबंना, मास्तर. थापत गेले." मग जाळ मागं ओढत म्हणाली, "इतके म्हैनं निजताना कुनाचा ना कुनाचा पाय पोटावर असायचा. काल काय डोळ्याला डोळा लागला न्हाई बगा."

मी जेवून आलो होतो. हात धुतले आणि चुलीसमोर बसलो.

"वाढा, आत्या. लई भूक लागलीय."