मेंटॉर योजनेचं शंभर टक्के यश

शिकणारा असला की शिकवणारा लागतो, हे सनातन सत्य आहे. शिकवणाऱ्याला शिकवता आलंच पाहिजे, असं मात्र कोणत्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. आमच्या नोंदणी कार्यालयाची मेंटॉर योजना याच पायावर उभी आहे.

योजनेच्या पुस्तिकेत शब्दाचा उगम दिलाय. ग्रीक पुराणातला एक राजा लढाईला जाताना घरदार मेंटॉर नावाच्या मित्राच्या हवाली करून गेला. वीस वर्षांनी परत येऊन बघतो, तर घरात आयतोबांच्या पंगती. राजपुत्राला धीर दिला तो एका देवीनं, मेंटॉरचं रूप घेऊन. (नाव मेंटॉरचं झालं. देवीला त्याची गरज नसावी.)

आम्ही मुळाबरहुकूम चालतो. गेल्या वर्षी नऊ मेंटॉरनी एकवीस जणांना घडवलं. त्यातल्या सतरा जणांनी आपला मेंटॉर अजून पाहिलेला नाही. (उरलेल्या चौघांनी पाहिला, पण लिफ्टमध्ये.) आमच्या विभागाचे मेंटॉर म्हणजे मोठ्या साहेबांचे साडू. सकाळी टेबलावर चष्मा ठेवतात आणि जातात. चष्मा हजर तर माणूस हजर, असा प्रघात आहे. मग त्यांच्या खुर्चीत अक्का बसतात. अकरा वर्षं हंगामी. नव्या कारकून मुलीला त्यांनी तीन महिन्यांत तयार केलं. चुकलेली नोंद कशी सुधारायची, दारात रडत आलेल्याला आधी पाणी द्यायचं आणि मग अर्ज, सगळं.

मग मुलीकडे प्रपत्र आलं: ‘आपणांस काम कोणी शिकविले?’ त्यावर तिची नोकरी कायम व्हायची होती. शिकवल्याची एक लेखी नोंद मिळाली असती, तर अक्काही कायम झाल्या असत्या; नाहीतर त्यांची हंगामी मुदत त्याच महिन्यात संपत होती. मुलीनं सरळ अक्कांचं नाव लिहिलं. छाननी माझ्याकडे. मी प्रपत्र परत केलं, कारण अक्का मेंटॉरांच्या यादीत नाहीत आणि चुकीच्या प्रपत्रावर कुणीच कायम होत नाही.

मुलगी हटून बसली. शेवटी अक्काच म्हणाल्या, “लिही बाई त्यांचं नाव. दोघींनी घरी बसण्यापेक्षा एक तरी राहू दे.”

तिनं लिहिलं. मेंटॉरना मानचिन्ह मिळालं आणि अक्कांना नारळ. मुलगी त्या दिवशी जेवली नाही. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण तुम्ही नाकं मुरडू नका. तुम्हालाही कुणीतरी हाताला धरून काम शिकवलंच असेल. त्या माणसाचं पूर्ण नाव सांगा बघू. आठवत नाही? हरकत नाही, तुमच्या साहेबांचं लिहा. मी मंजूर करतो.